भोसरीतल्या डिझाइन ऑफिसचा लायसन्स सर्व्हर : स्थलांतराच्या नोंदी

ऑफिस भोसरी एमआयडीसीत आहे आणि काम प्रेस टूल व प्लास्टिक मोल्डच्या डिझाइनचे आहे. त्रिमिती डिझाइनच्या सॉफ्टवेअरची १२ आणि त्याच्या सिम्युलेशन मॉड्यूलची ३ फ्लोटिंग (एकाच माणसाच्या नावावर नसलेली, लागेल तसे कोणालाही मिळणारी) लायसन्स आहेत, आणि ती फ्लेक्सनेट या लायसन्स मॅनेजरवरून वाटली जातात. आजवर हे काम विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असलेल्या एका जुन्या टॉवरवर चालत होते. त्या प्रणालीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे आणि टॉवरची हार्ड डिस्कही आता कुरकुर करू लागली आहे, म्हणून सर्व्हर प्रॉक्समॉक्सवरच्या (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीवरच्या), आल्मालिनक्स ९ या लिनक्स प्रणालीच्या व्हर्च्युअल मशीनवर हलवायचा आहे. त्याच्या जोडीला मालकांचा एक प्रश्न आहे : डिझाइनची आणखी दोन लायसन्स ३१ मार्चच्या आत घ्यावीत का? नोंदी या दोन्ही कामांच्या आहेत.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे डिझायनरांची अडचण न करता जे काही करायचे ते याच दिवशी.

आज जुन्या यंत्राला हात न लावता फक्त मोजदाद केली. लायसन्स फाइल, विक्रेत्याच्या डेमनची (मागे सतत चालून लायसन्स देणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रत, गेल्या दीड वर्षाचा लॉग आणि लायसन्स फाइलच्या शेजारीच पडलेली एक ऑप्शन्स फाइल (कोणाला लायसन्स कसे मिळावे याचे नियम असलेली), एवढे हाती लागले. ऑप्शन्स फाइल कोणी आणि कधी लिहिली हे ऑफिसात कोणालाच आठवत नाही, पण डेमनच्या नावाची आणि '.ओपीटी' शेपटीची फाइल त्याच फोल्डरात असली की ती कोणी न सांगताही वाचली जाते, त्यामुळे ती इतकी वर्षे मुकाट्याने लागू होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. लायसन्स फाइलमधल्या 'सर्व्हर' ओळीत यंत्राचे नाव, होस्ट आयडी आणि पोर्ट असतात, आणि होस्ट आयडी म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा बारा अंकी (० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांचा) मॅक पत्ता. फाइलमधला पत्ता केबल लावलेल्या कार्डाचा नव्हता. तो टॉवरमध्ये मागे बसवलेल्या, केबल नसलेल्या जुन्या कार्डाचा होता. ते कार्ड 'रिकामेच आहे' म्हणून कोणी काढले असते किंवा विंडोजमधून बंद केले असते, तर सगळे ऑफिस थांबले असते आणि कारण शोधायला दिवस गेला असता. जुना सर्व्हर हलवणाऱ्याने 'एलएमहोस्टआयडी' ही होस्ट आयडी दाखवणारी आज्ञा चालवून दिसणारे सगळे पत्ते फाइलशी ताडून पाहावेत आणि त्या कार्डावर चिठ्ठी डकवावी. आम्ही डकवली.

९ जानेवारी, गुरुवार

व्हर्च्युअल मशीन तयार केले : दोन कोअर, २ जीबी मेमरी, २० जीबी डिस्क. लायसन्स सर्व्हरला याहून जास्त लागत नाही आणि जास्त दिल्याने तो वेगाने चालतही नाही. मॅक पत्ता प्रॉक्समॉक्सने दिलेलाच ठेवला, पण तो मशीनच्या नोंदवहीत लिहून ठेवला आणि बॅकअपच्या सूचनांमध्येही घातला, कारण आता तो पत्ता हीच या सर्व्हरची ओळख आहे.

जुन्या कार्डाचा मॅक पत्ता नव्या मशीनला चिकटवून रीहोस्टची (लायसन्स नव्या यंत्राला बांधून घेण्याची) भानगडच टाळावी, अशी सूचना एका मित्राने केली. तांत्रिकदृष्ट्या ते पाच मिनिटांचे काम आहे, पण आमच्या करारात लायसन्स एका ठरावीक यंत्राला बांधलेले आहे आणि यंत्र बदलताना विक्रेत्याला कळवण्याची अट स्पष्ट आहे. ऑडिटच्या दिवशी हे उघड झाले तर मालकांना काय उत्तर देणार, या एका प्रश्नावर तो विचार संपला. पुरवठादाराकडे रीहोस्टचा रीतसर अर्ज केला. शुल्क नाही, मात्र जुन्या यंत्रावरची फाइल काढून टाकू असे सहीशिक्क्याचे पत्र द्यावे लागते.

१३ जानेवारी, सोमवार

नवी फाइल येईपर्यंत डेमन बसवून ठेवावेत म्हणून लिनक्सची प्रत उतरवली. 'एलएमजीआरडी', म्हणजे फ्लेक्सनेटचा मुख्य डेमन, चालवताच 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही' असा संदेश आला. फाइल समोर दिसत होती, तिला चालवण्याची परवानगी होती, आणि तरीही शेल ती नाही म्हणत होते.

नसलेली फाइल ही नव्हेच. हे डेमन लिनक्स स्टँडर्ड बेस या जुन्या प्रमाणानुसार बांधलेले असतात आणि सुरू होताना 'एलडी-एलएसबी-एक्स८६-६४.एसओ.३' नावाचा लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवून चालू करणारी फाइल) शोधतात. तो लोडर सापडला नाही की तक्रार मात्र मूळ फाइलच्या नावाने होते. जुन्या रेड हॅट घराण्यात 'रेडहॅट-एलएसबी-कोअर' हे पॅकेज टाकले की प्रश्न मिटत असे, पण नवव्या आवृत्तीतून ते वगळलेले आहे. म्हणून '/लिब६४' मध्ये त्या नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे वळवणारा दुवा) तयार करून तो नेहमीच्या 'एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२' कडे वळवला आणि डेमन लगेच चालू झाला. शंका आली तर 'रीडएल्फ -एल' ही आज्ञा फाइलवर चालवावी. तिला कोणता लोडर हवा आहे ते पहिल्या काही ओळींतच कळते. हे आधी केले असते तर परवानग्या आणि ३२ बिट-६४ बिटचा घोळ तपासण्यात गेलेली दुपार वाचली असती.

कागदपत्रे शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे सॉफ्टवेअर ग्लोबट्रॉटर, मॅक्रोव्हिजन, अ‍ॅक्रेसो आणि फ्लेक्सेरा अशा हातांतून फिरलेले आहे, त्यामुळे एकाच आज्ञेची माहिती 'फ्लेक्सएलएम' नावाने वेगळी आणि 'फ्लेक्सनेट' नावाने वेगळी सापडते. दोन्ही नावांनी शोधावे आणि पान कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहिल्याशिवाय त्यातले काही चालवू नये.

१६ जानेवारी, गुरुवार

नवी लायसन्स फाइल आली, आणि लॉगमध्ये 'सर्व्हर ओळीतला होस्ट आयडी चुकीचा' या अर्थाची ओळही आली. बारा अंक एकेक करून ताडले तेव्हा फाइलमध्ये एका जागी 'बी' ऐवजी ८ पडलेला दिसला. अर्जासोबत पडद्याचा फोटो पाठवला गेला होता आणि पलीकडे कोणीतरी तो पाहून टंकला होता. दुरुस्त फाइल संध्याकाळी मिळाली. फोटो कधीही पाठवू नये. 'एलएमहोस्टआयडी' चे उत्तर मजकूर म्हणूनच चिकटवावे. 'सर्व्हर' ओळीतले यंत्राचे नाव आणि पोर्ट आपण बदलू शकतो, 'व्हेंडर' ओळीतला मार्गही बदलू शकतो, पण होस्ट आयडीतला एक अंक जरी बदलला तरी खालच्या ओळींतल्या डिजिटल सह्या जुळत नाहीत. ती दुरुस्ती पुरवठादाराकडूनच व्हावी लागते.

दुरुस्त फाइल आल्यावर हाताने चालवलेला सर्व्हर उत्तम चालला. सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेखाली मात्र तो तीन वेगवेगळ्या कारणांनी अडला, आणि ही कारणे एकावर एक बसलेली असल्याने एक काढले की खालचे दिसत होते.

पहिले कारण एसईलिनक्सचे, म्हणजे फाइलींना लेबल लावून परवानग्या ठरवणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेचे. फाइली आधी होम फोल्डरात उतरवल्या होत्या आणि तिथून 'एमव्ही' ने '/ऑप्ट' मध्ये हलवल्या होत्या. 'एमव्ही' जुने लेबल सोबत नेते, प्रत करणारे 'सीपी' नव्या जागेचे लेबल लावते. होम फोल्डरचे लेबल असलेली फाइल चालवायला सिस्टमडीला मनाई असते, म्हणून सेवा '२०३/एक्झेक' म्हणून पडत होती. फाइली '/ऑप्ट' खालच्या 'बिन' फोल्डरात ठेवून लेबल दुरुस्त करणारे 'रिस्टोरकॉन' चालवल्यावर ते सुटले. एसईलिनक्स बंद करा असा सल्ला जागोजागी मिळतो. एका आज्ञेने सुटणाऱ्या गोष्टीसाठी ते करण्याचे कारण नाही.

दुसरे कारण कुलूप-फाइलचे. सकाळी चाचणीसाठी डेमन रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवला होता, तेव्हा त्याने '/व्हार/टीएमपी' मध्ये आपली कुलूप-फाइल आणि '.फ्लेक्सएलएम' हे लपलेले फोल्डर रूटच्या मालकीचे करून ठेवले. सेवा स्वतंत्र, विनाअधिकार वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि तिला त्या फाइलवर लिहिता येईना. दोन्ही पुसून टाकली. चाचणी करायची तर ती पहिल्यापासून सेवेच्याच वापरकर्त्याने करावी.

तिसरे कारण सेवेच्या प्रकाराचे. 'एलएमजीआरडी' सुरू झाल्यावर स्वतःहून पार्श्वभूमीत जातो. सेवेचा प्रकार 'सिंपल' असेल तर मुख्य प्रक्रिया संपली असे सिस्टमडीला वाटते आणि ते मागे राहिलेल्या उपप्रक्रियांनाही आवरते, त्यामुळे सेवा चालू होऊन क्षणात मरते आणि लॉगमध्ये काहीच वावगे दिसत नाही. '-झेड' हा पर्याय दिला की डेमन समोरच राहतो आणि हिशेब जुळतो.

२३ जानेवारी, गुरुवार

बदल आजच करायचा ठरला होता आणि महावितरणची देखभालही नेमकी आजच निघाली. गुरुवारी हे होणारच हे माहीत असूनही यूपीएसच्या बॅटऱ्या कोणी तपासलेल्या नव्हत्या. त्यांनी वीस मिनिटांत मान टाकली. बॅटऱ्यांचा संच बदलायला १८ हजार रुपये लागले. या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च हाच.

वीज आल्यावर एक वेगळाच प्रकार समोर आला. सर्व्हर चालू, विक्रेत्याचा डेमन चालू, 'एलएमस्टॅट' ही स्थिती दाखवणारी आज्ञा दोघांनाही 'अप' म्हणते, पण लायसन्स एकही नाही. लॉग वरून खाली वाचला तेव्हा डेमन सुरू झाल्याची तारीख काही वर्षांपूर्वीची दिसली. मदरबोर्डवरचा नाणेसेल संपलेला होता, यजमान यंत्र (ज्यावर प्रॉक्समॉक्स चालते ते) जुन्या तारखेने उठले, व्हर्च्युअल मशीनने तीच तारीख घेतली, आणि त्या तारखेला आमची लायसन्स सुरूच झालेली नव्हती. थोड्या वेळाने क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सेवेने घड्याळ बरोबर केले, पण डेमनने फाइल आधीच नाकारलेली होती आणि तो पुन्हा वाचायला आपणहून जात नाही.

सीआर२०३२ सेल चाळीस रुपयांचा, तो बदलला. पण सेल पुन्हा कधीतरी संपणारच, म्हणून 'क्रोनी-वेट' ही सेवा चालू केली आणि लायसन्स सर्व्हर घड्याळ जुळल्याशिवाय व नेटवर्क पूर्ण उभे राहिल्याशिवाय सुरू होऊ नये असे सेवेच्या फाइलमध्ये लिहिले. मग यजमान यंत्र मुद्दाम चुकीच्या तारखेने सुरू करून हे तपासले. घड्याळ मागे गेल्याचे डेमनला किंवा सॉफ्टवेअरला कळले तर -८८ ही त्रुटीही येऊ शकते, आणि ती आल्यावर घड्याळ पुढेमागे करून खेळत बसणे हा सर्वांत वाईट उपाय आहे.

पोर्टचे काम संध्याकाळी केले. 'सर्व्हर' ओळीत पोर्ट दिला नाही तर मुख्य डेमन २७००० ते २७००९ मधला पहिला मोकळा पोर्ट घेतो, आणि विक्रेत्याचा डेमन दर वेळी वाटेल तो पोर्ट घेतो. फायरवॉलमध्ये फक्त २७००० उघडला तर सर्व्हरवरून सगळे ठीक दिसते आणि डिझायनरच्या यंत्रावर -१५ (सर्व्हरशी जोडणी होत नाही) ही त्रुटी येते, कारण क्लायंट आधी मुख्य डेमनला विचारतो आणि मग विक्रेत्याच्या डेमनकडे वेगळ्या पोर्टवर जातो. 'व्हेंडर' ओळीत 'पोर्ट=२७००१' असे लिहिले, फायरवॉलडीत दोन्ही उघडले, आणि तपासणी सर्व्हरवरून न करता डिझाइन हॉलमधल्या यंत्रावरून केली.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सगळ्या यंत्रांवर नवा पत्ता गेलेला होता, तरी निम्म्या यंत्रांवर सॉफ्टवेअर उघडायला दोन-तीन मिनिटे लागू लागली आणि काहींवर उघडेचना. हॉलमधून 'सर, लायसन्स पुन्हा गेलं' ही हाक दीड तास येत होती.

आम्ही ग्रुप पॉलिसीने (सर्व विंडोज यंत्रांना एकदम सेटिंग देण्याच्या सोयीने) सर्व्हरचा पत्ता सांगणारे पर्यावरण-चल बदलले होते, पण क्लायंट फक्त तेवढेच पाहत नाही. एकदा एखाद्या सर्व्हरकडून लायसन्स मिळाले की त्याचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात), 'फ्लेक्सएलएम लायसन्स मॅनेजर' नावाच्या कप्प्यात, जपून ठेवला जातो. लिनक्सवर हेच काम होम फोल्डरातली 'फ्लेक्सएलएमआरसी' ही लपलेली फाइल करते. आमच्या यंत्रांवर तिथे जुना टॉवर होता, शिवाय त्याच्याही आधीचा, कोणाच्या आठवणीतही नसलेला एक सर्व्हर होता. क्लायंट प्रत्येकाचे दार ठोठावून उत्तराची वाट पाहत होता.

रजिस्ट्रीतला तो कप्पा लॉगिन स्क्रिप्टने साफ केला. सर्वांसाठीचे 'एलएम_लायसन्स_फाइल' हे चल काढून टाकले आणि त्या विक्रेत्यापुरते असलेले चल तेवढे ठेवले. सामायिक चलात दोन-चार विक्रेत्यांचे पत्ते कोंबले की प्रत्येक सॉफ्टवेअर सगळ्यांकडे जाऊन येते, आणि एक सर्व्हर बंद पडला की शिक्षा सर्वांना होते.

जुना टॉवर आज बंद केला. त्यावरची लायसन्स फाइल पुसून पुरवठादाराला पत्र दिले.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्या दोघांना -९६ (सर्व्हर उत्तर देत नाही) त्रुटी येत होती, ऑफिसात मात्र सगळे ठीक. पत्ता बरोबर, दोन्ही पोर्ट व्हीपीएनमधून पोहोचणारे. कारण 'सर्व्हर' ओळीतल्या नावात होते. क्लायंटने मुख्य डेमनला पूर्ण नावाने गाठले तरी पुढे विक्रेत्याच्या डेमनकडे जाताना त्याला फाइलमधलेच नाव मिळते, आणि आमच्या फाइलमध्ये ते आखूड नाव होते. ऑफिसच्या डीएनएसमध्ये आखूड नाव ओळखले जाते, घरच्या राउटरला ते ठाऊक नसते.

ओळीत डोमेनसह पूर्ण नाव लिहिले. 'एलएमरीरीड' या फाइल पुन्हा वाचायला लावणाऱ्या आज्ञेने हा बदल लागू होत नाही, सेवा पूर्ण बंद करून चालू करावी लागते, म्हणून जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली. बंद केल्यावर लगेच चालू करू नये, पोर्ट काही काळ अडकलेला राहतो. मिनिट-दोन मिनिटे थांबावे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ती अनामिक ऑप्शन्स फाइल आज उघडली. तिने दोन लायसन्स अशा दोन वापरकर्त्यांसाठी राखून ठेवली होती, जे कंपनी सोडून गेले त्याला बराच काळ लोटला आहे. 'रिझर्व्ह' लावलेले लायसन्स वापरात नसतानाही इतर कोणाला मिळत नाही. म्हणजे १२ लायसन्सचे पैसे भरून आम्ही १० वापरत होतो, आणि मालकांना आणखी किती घ्यायची होती तर नेमकी दोन.

दोन्ही ओळी काढल्या. सिम्युलेशन फक्त प्रशिक्षण झालेल्या पाच जणांनाच मिळावे अशी डिझाइनप्रमुखांची मागणी होती, म्हणून त्यांचा गट करून 'इन्क्लूड' ओळ लिहिली. इथे एक सापळा आहे : एखाद्या फीचरसाठी (लायसन्स लागणाऱ्या मॉड्यूलसाठी) एक जरी 'इन्क्लूड' ओळ लिहिली तरी त्या ओळींत नसलेला प्रत्येक जण बाहेर पडतो, आणि त्याला -३९ दिसते. आमच्या पाचांपैकी दोघेही बाहेर राहिले, कारण गटातली नावे अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट ताडली जातात आणि विंडोजमध्ये त्यांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होत होती. 'ग्रुपकेसइनसेन्सिटिव्ह ऑन' ही ओळ फाइलच्या डोक्यावर घातल्यावर ते आत आले. ऑप्शन्स फाइलचे बदल 'एलएमरीरीड' ने लागू होतात, पण फाइलमधली चुकलेली ओळ डेमनला थांबवत नाही. ती दुर्लक्षिली जाते आणि लॉगमध्ये एवढीशी नोंद होते. म्हणून प्रत्येक बदलानंतर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचल्याच पाहिजेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लायसन्स कमी पडण्याची तक्रार थोडी घटली, संपली नाही. 'एलएमस्टॅट -ए' ची यादी सुट्टीच्या दिवशी पाहिली तेव्हा ऑफिसात एकही माणूस नसताना चार लायसन्स बाहेर दिसली. त्यांतली दोन रात्रभर चालू ठेवलेल्या यंत्रांची होती, आणि दोन अशा लॅपटॉपची, जे झाकण लावून घरी नेलेले होते.

लॅपटॉप झोपी गेला की टीसीपीची जोडणी निरोप न घेता तुटते आणि सर्व्हरला तो अजून समोर बसल्यासारखाच वाटतो. लिनक्समध्ये कीप-अलाइव्हची (समोरचा अजून जोडलेला आहे का हे विचारण्याची) मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे. ती ६०० सेकंदांवर आणली. झोपलेल्या लॅपटॉपची लायसन्स आता जेवणाच्या सुट्टीत परत येतात.

चालू ठेवलेल्या यंत्रांसाठी ऑप्शन्स फाइलमध्ये 'टाइमआउटऑल ३६००' लिहिले. हे सगळ्याच सॉफ्टवेअरांत चालत नाही. सॉफ्टवेअरने आपण रिकामे आहोत हे सर्व्हरला सांगायला हवे, आणि विक्रेत्याने ठरवलेल्या किमान मुदतीपेक्षा कमी आकडा दिला तर ती किमान मुदतच धरली जाते. आमच्या डिझाइन सॉफ्टवेअरने ते पाळले. सिम्युलेशन मात्र तास-तास गणित करत असते आणि तेव्हा माउस हलत नाही, म्हणून तिथे लायसन्स मध्येच जाते का हे एक लांबलचक काम लावून तपासले. गेले नाही. तरीही सिम्युलेशनला सर्वसाधारण ओळीतून वगळले आणि त्याच्यासाठी मोठी मुदत वेगळी लिहिली, कारण आठ तासांचे गणित वाया जाण्यापेक्षा एक लायसन्स अडलेले परवडते.

'एलएमरिमूव्ह' ने हाताने लायसन्स ओढून घेता येते, पण तो अधिकार हॉलमध्ये कोणालाही दिलेला नाही. एकदा दिला की दोन डिझायनर एकमेकांचे लायसन्स काढू लागतात. 'एलएमजीआरडी' ला '-एक्स एलएमडाउन -एक्स एलएमरिमूव्ह' दिले की या दोन्ही आज्ञा कोणालाच चालवता येत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

मालकांच्या प्रश्नाचे उत्तर लॉगमधूनच द्यायचे ठरवले. लॉगमध्ये लायसन्स गेले की 'आउट', परत आले की 'इन' आणि मिळाले नाही की 'डिनाइड' अशी ओळ पडते. ओळीवर फक्त वेळ असते, तारीख नसते. तारीख अधूनमधून येणाऱ्या 'टाइमस्टॅम्प' ओळीवरून घ्यावी लागते, म्हणून ऑक या मजकूर चाळणाऱ्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक ओळीला तारीख जोडली.

'डिनाइड' ओळी नुसत्या मोजल्या तर आकडा भयंकर दिसतो. एका माणसाला लायसन्स मिळाले नाही की तो बटण दाबत राहतो, आणि काही सॉफ्टवेअर तर स्वतःच पुन्हा पुन्हा विचारत राहते. एका अडचणीच्या चाळीस ओळी होतात. म्हणून एका वापरकर्त्याच्या दहा मिनिटांतल्या सगळ्या ओळी एकच प्रसंग धरल्या. जुन्या लॉगमधली त्रिमिती डिझाइनची तक्रार जवळजवळ सगळी सकाळी अकरा ते एक या वेळेतली निघाली, आणि त्या प्रत्येक वेळी बाहेर गेलेल्यांत आदल्या रात्रीपासून अडलेली लायसन्स होती. फेब्रुवारीतल्या दुरुस्त्यांनंतर डिझाइनचे प्रसंग जवळपास संपलेले आहेत.

सिम्युलेशनचे चित्र वेगळे आहे. तिथे तिन्ही लायसन्स खरोखर कामात असतानाच चौथा माणूस परत जातो आहे, आणि नवे मोल्ड तपासणीला येतात त्या आठवड्यांत हे रोजचेच आहे. डिझाइनप्रमुख म्हणाले, "आम्ही ओरडत होतो ते डिझाइनच्या लायसन्ससाठी. सिम्युलेशनची माणसं बिचारी रात्री थांबून काम उरकतात, म्हणून त्यांची तक्रारच आली नाही."

१३ मार्च, गुरुवार

बॅकअपमधून मशीन उभे राहते का, याची चाचणी. प्रॉक्समॉक्समध्ये परत उभारताना 'युनिक' ही चौकट निवडलेली होती, त्यामुळे मशीनला नवा मॅक पत्ता मिळाला आणि लॉगमध्ये पुन्हा जानेवारीतलीच होस्ट आयडीची ओळ. चाचणीपुरते ती चौकट सोयीची वाटते, कारण एकाच पत्त्याची दोन मशीन नेटवर्कवर भांडत नाहीत. पण खऱ्या संकटात रात्री दोन वाजता हे कोणाला आठवणार? सूचना-कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले : मूळ मशीन बंद असल्याची खात्री करा, 'युनिक' निवडू नका, मॅक पत्ता नोंदीशी ताडा. त्या क्रमाने केल्यावर पंधरा मिनिटांत सर्व्हर उभा राहिला.

तीन सर्व्हरांच्या जोडणीचाही विचार झाला. तिच्यात तिघांपैकी दोन चालू असले की लायसन्स मिळत राहतात. आमचे तिन्ही सर्व्हर त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर आणि त्याच स्विचवर बसणार असल्याने तिघेही एकत्रच पडले असते. त्याऐवजी रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जाऊ लागला.

२५ मार्च, मंगळवार

मालकांनी डिझाइनची आणखी दोन लायसन्स घेण्याचा विचार रद्द केला आणि सिम्युलेशनचे एक मागवले. पुरवठादाराला हे फारसे आवडले नाही, त्याने आधीच दोनचे दरपत्रक तयार ठेवले होते. नवी फाइल मिळाल्यावर जुनी फाइल तारखेच्या नावाने बाजूला ठेवली, होस्ट आयडी अंक-अंक ताडला, यंत्राचे पूर्ण नाव आणि २७००१ पोर्ट पुन्हा लिहिला, कारण नव्या फाइलमध्ये विक्रेत्याची मूळ ओळच येते आणि नाव-पोर्टचे आपले बदल त्यात नसतात. या दोन ओळी चालू सर्व्हरशी हुबेहूब जुळत असल्याने नुसत्या 'एलएमरीरीड' वर भागले आणि कोणाचेही काम थांबले नाही. 'एलएमस्टॅट' आता सिम्युलेशनची ४ लायसन्स दाखवते, त्यांतली ४ बाहेर.